पोतोसी (बोलिव्हिया): विरळ हवा, टांकसाळ आणि खाणीत उतरण्याचा प्रश्न

रौप्यमुद्रा यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या जुलैमध्ये मी आणि माझी पत्नी बोलिव्हियाला जाणार आहोत. सतराव्या शतकात स्पेनची रियाल नाणी युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत सुरतेला येत आणि तिथल्या टांकसाळीत वितळवून त्यांचे मुघल रुपये पाडले जात. त्या चांदीतला काही भाग ज्या डोंगरातून आला, तो पोतोसीचा सेर्रो रिको प्रत्यक्ष पाहण्याची माझी फार जुनी इच्छा आहे. मात्र पोतोसी शहर ४,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि पत्नीला सौम्य दम्याचा त्रास आहे. सुक्रे शहरामार्गे जावे की मिठाच्या मैदानासाठी प्रसिद्ध असलेल्या उयुनीमार्गे? तसेच प्रवाशांना चालू खाणीत नेतात असे वाचले; तिथे जाणे सुरक्षित आणि उचित आहे का?

चढणवाट यांचा प्रतिसाद

सुक्रेमार्गेच जावे. सुक्रे सुमारे २,८०० मीटरवर आहे. तिथे दोन-तीन रात्री काढून मग बसने पोतोसीला गेल्यास शरीराला विरळ हवेची सवय होण्यास थोडी उसंत मिळते, आणि उयुनी पुढे पोतोसीहून करता येते. पोतोसीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, त्यामुळे एरवी धडधाकट असलेल्या माणसालाही साध्या चढाच्या गल्लीत धाप लागते. पत्नीच्या डॉक्टरांशी निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे आणि इन्हेलर सामानात न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवावा. डोकेदुखी किंवा मळमळ झाल्यास विश्रांती घ्यावी. पण चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर सकाळची वाट न पाहता लगेच खाली उतरावे. कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो आणि तो कायदेशीरही आहे, परंतु पाने किंवा चहाच्या पुड्या भारतात आणू नयेत, कारण आपल्याकडे त्यांवर बंदी आहे. जुलैत तिथे कोरडा हिवाळा असतो. दुपारचे ऊन कडक, तर रात्री पाणी गोठवणारी थंडी, हे कपडे भरताना लक्षात असू द्यावे.

आपला विषय नाणी असल्यामुळे पोतोसीच्या जुन्या टांकसाळीसाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा. आज दिसते ती इमारत १७७३ मध्ये पूर्ण झाली आणि तिथे मार्गदर्शकासोबतच आत सोडतात. वरच्या मजल्यावर स्पेनहून आणलेली लाकडी लाटणयंत्रे अजून उभी आहेत. खालच्या मजल्यावर खेचरे गोल फिरत आणि त्यांच्या जोरावर वरचे माणसापेक्षा उंच दातेरी चाक फिरून चांदीच्या कांबीचा पत्रा होई. नाणी पाहताना पी, टी, एस आणि आय ही अक्षरे एकमेकांवर चढवून केलेली टांकसाळीची खूण अवश्य शोधावी. तिथून सान लोरेन्सो चर्च जवळच आहे. त्याच्या दगडी दर्शनी भागावर सूर्य, चंद्र आणि तंतुवाद्य वाजवणाऱ्या जलपऱ्या कोरलेल्या आहेत.

खनिजवेध यांचा प्रतिसाद

मी खाणकामाच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे देतो: आपल्या पत्नीने खाणीत जाऊ नये. आत सिलिकाची धूळ असते, वाटा ठेंगण्या असतात, काही ठिकाणी असह्य उकाडा असतो आणि विषारी वायू साचण्याचा धोकाही असतो. या डोंगरात १५४५ पासून खोदकाम चालू आहे, त्यामुळे तो आतून पोखरला गेला असून शिखराचा भाग खचतो आहे. याच कारणाने युनेस्कोने २०१४ मध्ये पोतोसीला धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत घातले. आज तिथे मुख्यतः सहकारी संस्थांचे खाणकामगार चांदी, जस्त आणि कथिल यांचे खनिज काढतात, आणि धुळीमुळे होणारा सिलिकोसिस हा त्यांच्यातला जीवघेणा आजार आहे.

आपण स्वतः जाणार असाल, तर पूर्वी खाणीत काम केलेला मार्गदर्शक निवडावा, चांगल्या प्रतीचा धूळरोधक मास्क सोबत न्यावा आणि प्रवाशांसाठी सुरुंग उडवून दाखवण्याचा प्रस्ताव आला तर ठामपणे नकार द्यावा. आत एल तिओची मूर्ती दिसेल. शिंगे असलेला हा खाणीचा धनी. कामगार त्याच्या तोंडात सिगारेट पेटवून ठेवतात आणि त्याच्यापुढे कोकाची पाने व मद्य वाहतात. ही त्यांची श्रद्धा आहे, तेव्हा विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये.

पाणवठा यांचा प्रतिसाद

मी खाणीत गेले नाही आणि त्याची मला जराही खंत वाटत नाही. माणसे जीव धोक्यात घालून राबत असताना त्यांच्या अरुंद वाटेत आपण पाहुणे म्हणून उभे राहावे, हे मला पटत नाही. मात्र अशा सहलींतून काही माजी कामगारांचे घर चालते, हेही मी मान्य करते.

चांदीचा इतिहास डोंगराबाहेरही पाहता येतो. स्पेनचे पेरूतील व्हाइसरॉय तोलेदो यांच्या काळात, १५७० च्या दशकात, दोन गोष्टी एकत्र आल्या: पाऱ्याच्या साहाय्याने खनिजातून चांदी वेगळी करण्याची पद्धत आणि मिता ही सक्तीची पाळी, जिच्यात ठरावीक प्रांतांतल्या आदिवासी पुरुषांना आळीपाळीने खाणीत पाठवले जाई. खनिज कुटणाऱ्या पाणचक्क्यांना वर्षभर पाणी लागे, म्हणून शहराजवळच्या कारी कारीच्या डोंगरात तलाव बांधले गेले. १६२६ मध्ये त्यांतल्या सान इल्देफोन्सो तलावाचा बांध फुटून मोठी प्राणहानी झाली. ते तलाव आणि शहरातले पाणचक्क्यांचे अवशेष पाहिले, म्हणजे हा सारा उद्योग कसा चाले ते उमगते. तलाव शहरापेक्षाही उंचावर आहेत, त्यामुळे तिथे शेवटच्या दिवशीच आणि वाहनाने जावे.

रौप्यमुद्रा

सर्वांचे मनापासून आभार. सुक्रेत तीन रात्री, नंतर पोतोसीत तीन रात्री आणि मग उयुनी असा बेत आखला आहे. खाण आम्ही दोघांनीही वगळली आहे. तो वेळ टांकसाळीच्या दुसऱ्या फेरीसाठी ठेवला आहे. पत्नीला त्रास झाल्यास सुक्रेला परतता यावे, म्हणून उयुनीचे तिकीट आधी काढणार नाही.