दादाचं पीडीएफ आणि आत्याची सही

दादा: पीडीएफ टाकलंय, ३४ पानं आहेत. सगळ्यांनी वाचा. अमेरिकेचा ईबी-५ व्हिसा. ८ लाख डॉलर गुंतवायचे, आम्हा चौघांना ग्रीन कार्ड, पाच वर्षांनी पैसे परत. शनिवारी त्यांचा सेमिनार आहे, जागा मर्यादित.

आत्या: अरे वा! कधी निघताय?

वहिनी: आत्या, काहीच ठरलेलं नाही. हे पीडीएफ मीसुद्धा आत्ता इथेच बघतेय.

आई: चौघं म्हणजे कोण कोण?

मी: दादा, पान ११ वर ‘मुद्दल परतीची हमी’ असं ठळक छापलंय. तिथेच अडले मी. ईबी-५ मध्ये पैसा जोखमीत असलाच पाहिजे, ही मूळ अट आहे. परतीची हमी करारात असेल तर ती गुंतवणूकच धरत नाहीत. म्हणजे हमी खोटी असेल तर तुझे पैसे धोक्यात, आणि खरी असेल तर व्हिसा.

दादा: तो मार्केटिंगचा भाग असतो गं.

मामा: मार्केटिंगवाल्यानेच जपून लिहायला हवं. व्हरमाँट राज्यातल्या ‘जे पीक’ स्की रिसॉर्टचं प्रकरण वाच. शेकडो परदेशी कुटुंबांनी ईबी-५ साठी पैसे घातले होते. २०१६ मध्ये तिथल्या रोखे नियामकाने खटला भरला, २० कोटी डॉलरहून जास्त रक्कम भलतीकडे वळवल्याचा आरोप होता. डोंगर होता, हॉटेल होतं, माहितीपत्रकही सुंदर होतं.

दादा: मामा, सगळेच चोर नसतात.

मामा: नसतातच. नीट चाललेले प्रकल्पही आहेत. म्हणूनच म्हणतो, प्रकल्प तपास. दर गुंतवणूकदारामागे १० पूर्णवेळ नोकऱ्या तयार झाल्या पाहिजेत. आधी मिळतं ते २ वर्षांचं सशर्त कार्ड. नोकऱ्यांचा हिशेब पटला की मग अट काढतात. बांधकाम मध्येच बंद पडलं तर पैसा आणि कार्ड दोन्ही लटकतात. आणि ८ लाखांचा आकडा सरसकट नाही. ग्रामीण भाग, जास्त बेरोजगारीचा भाग किंवा सरकारी पायाभूत प्रकल्प असेल तरच. एरवी १०,५०,००० डॉलर. तुझा प्रकल्प कुठल्या भागात आहे?

दादा: बघून सांगतो.

वहिनी: पान २२. हॉटेल आहे. गावाचं नाव नाही, समुद्राचा फोटो मात्र अख्खं पानभर.

पुतण्या: एक शंका. मला कुणी विचारणार आहे का?

दादा: तुझ्यासाठीच चाललंय सगळं.

पुतण्या: तेच म्हणतोय.

आई: मी या चौघांत आहे का, एवढं तरी सांगा कुणीतरी.

मी: नाहीस आई. ईबी-५ मध्ये नवरा-बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं, बस्स. दादा पुढे तिथला नागरिक झाला तर तुझ्यासाठी अर्ज करू शकतो. त्याला बरीच वर्षं आहेत.

आई: म्हणजे मी ८० ची झाले की.

मी: आणि दादा, २१ वर्षांचा आकडा नीट समजून घे, पीडीएफमध्ये तो तळटीपेत आहे. पोरगं १८ चं झालंय. अर्ज सरकारी टेबलावर जेवढे दिवस पडून राहतो तेवढे त्याच्या वयातून वजा होतात. पण मंजुरीनंतर व्हिसा नंबरसाठी रांगेत थांबावं लागलं तर ते दिवस वजा होत नाहीत. रांग लागते कारण एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त व्हिसा देत नाहीत. ग्रामीण प्रकल्पांसाठी २० टक्के राखीव आहेत, त्यांची रांग वेगळी धरतात. तिघांना कार्ड मिळालं आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तोच वयामुळे बाहेर, असं होऊ शकतं. सेमिनारमध्ये काही विचारायचं असेल तर हे विचार.

पुतण्या: मग मी इथे आजीबरोबर. मला चालेल.

आई: मलाही.

वहिनी: थांब थांब. रांग जन्माच्या देशावर आहे की पासपोर्टवर?

मी: जन्माच्या.

वहिनी: माझा जन्म कुवेतचा आहे. बाबा तेव्हा तिथे नोकरीला होते.

मी: वहिनी! जोडीदाराच्या जन्माचा देश धरता येतो. मुख्य अर्जदार दादा असला तरी अख्खं कुटुंब तुझ्या देशाच्या रांगेत जाऊ शकतं.

दादा: हे त्या सल्लागाराने विचारलंच नाही मला.

वहिनी: तूही मला विचारलं नाहीस. माझा जन्म कुठला हे लग्नाआधीपासून माहीत आहे तुला.

ताई: मध्येच विचारते, ते नवीन गोल्ड कार्ड म्हणतात ते हेच का?

मी: नाही. ते सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने आलं. त्यात १० लाख डॉलर सरकारला भेट म्हणून द्यायचे. गुंतवणूक नाहीच, परत यायचा प्रश्नच नाही.

दादा: अमेरिका एवढी अवघड असेल तर युरोप बघू. स्पेन?

मी: बंद. एप्रिल २०२५.

दादा: इंग्लंड?

मी: २० लाख पौंडांचा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ज्या दिवशी जाहीर केलं त्याच दिवशी बंद. आयर्लंडचा फेब्रुवारी २०२३ मध्ये, ऑस्ट्रेलियाचा जुलै २०२४ मध्ये.

दादा: कॅनडा?

मामा: तिथलं ऐकून ठेव. केंद्र सरकारची योजना १९८६ पासून चालू होती. २०१४ मध्ये गुंडाळली, आणि रांगेत वर्षानुवर्षं थांबलेले हजारो अर्जही त्याबरोबर रद्द केले. फी परत दिली, गेलेली वर्षं कुठून देणार?

मी: पोर्तुगाल चालू आहे, पण ऑक्टोबर २०२३ पासून घर घेऊन राहण्याचा परवाना मिळत नाही. ५ लाख युरो मान्यताप्राप्त फंडात घालणं हा आता नेहमीचा मार्ग. ग्रीसमध्ये घर चालतं. सप्टेंबर २०२४ पासून अथेन्स, थेस्सालोनिकी, सँटोरिनी अशा ठिकाणी ८ लाख युरो, बाकी बऱ्याच भागात ४ लाख. आणि ते घर पर्यटकांना दिवसांच्या भाड्याने देता येत नाही, तेव्हा ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ असं कुणी म्हणालं तर उठून ये. आई, ग्रीसमध्ये दोघांचेही आईवडील घेतात.

आई: बघा, शहाणा देश.

वहिनी: तिथे जाऊन हा करणार काय पण? याचं काम कुठे आहे, भाषा कुठे येते?

मी: मला तोच मुद्दा मांडायचा होता. दादा, तुला जाऊन राहायचंय की फक्त वेळेला दार उघडं हवंय? पोर्तुगालला वर्षाला सरासरी ७ दिवस गेलं तरी चालतं. ग्रीसला परवाना टिकवायला राहावंच लागत नाही. मात्र तिथलं नागरिकत्व हवं तर ७ वर्षं खरोखर राहायला हवं, भाषा यायला हवी. अमेरिकेचं उलटं. ग्रीन कार्ड घेऊन इथेच बसलास तर तू ते सोडलंस असं धरू शकतात. ही दोन वेगळी कामं आहेत आणि पीडीएफवाले दोन्हीला एकच शब्द वापरतात, ‘ग्लोबल फ्यूचर’.

मामा: शिवाय ग्रीन कार्ड आलं की जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेला विवरण द्यायचं. इथलं भाडं, व्याज, शेअर, सगळं. परदेशातल्या खात्यांत मिळून १० हजार डॉलरच्या वर गेलं की खात्यांची माहितीही वेगळी. युरोपात केवळ परवाना असल्याने तिथला कर सहसा लागत नाही, वर्षातले १८३ दिवस राहिलास की लागतो. हा हिशेब करण्याआधी चेक फाडू नकोस.

दादा: पैशाचं म्हणाल तर जमीन विकायचं ठरतंयच. आत्या तिचा हिस्सा सध्या माझ्याकडे देणार आहे. बोलणं झालंय.

आत्या: हो रे, दिला. तुझं होऊ दे.

मामा: ताई, घाई करू नका. तो पैसा भेट म्हणून दाखवला तर चालतं, पण मग तुमचीही कागदपत्रं लागतील. जमीन कुणाच्या नावावर होती, तुमच्याकडे कशी आली, विक्रीचे पैसे कुठल्या खात्यात आले, कर भरला का, बँकेचे उतारे. दाद्याचा पैसा स्वच्छ आहे हे दाखवायला देणाऱ्याचा उगमही दाखवावा लागतो. उसने म्हणून दिलेत तरी तेच.

आत्या: वारस नोंदीत माझं नाव अजून लागलेलंच नाही. तेव्हा तुमच्या भावजींनी अर्ज केला होता, पुढे काय झालं देव जाणे.

दादा: मग सेमिनारला जायच्या आधी तेच करावं लागेल.

मामा: तेच आधी. आणि परतीची हमी नसते असं वर बोलणं झालं, ते तुमच्यासाठीही आहे ताई. हा पैसा बुडाला तर तुमचा हिस्साही बुडतो.

आत्या: (हा मेसेज डिलीट केला आहे)

आत्या: मी फोन करते तुला, दादा.

मी: अजून एक. सल्लागार तुझ्याकडून फी घेतो की प्रकल्पाकडून दलाली?

दादा: माझ्याकडून काही नाही. सल्ला मोफत आहे.

मी: मग प्रकल्पाकडून घेतो. २०२२ च्या कायद्यानुसार मध्यस्थाला काय मिळणार हे गुंतवणूकदाराला लेखी कळवावं लागतं. तो कागद माग.

दादा: आत्ताच मेसेज केला.

वहिनी: काय म्हणाला?

दादा: ‘सर, सेमिनारमध्ये सविस्तर बोलू.’

मामा: सविस्तर नको म्हणावं, लेखी दे.