मदत हवी आहे: रोमन नाणं, थोरली फाउस्टिना की धाकटी?

लंडनच्या एका नाणेमेळाव्यात हे नाणं घेतलं. पाकिटावर ‘फाउस्टिना, दुसरं शतक’ एवढंच लिहिलंय. पण या नावाच्या मायलेकी दोघीही सम्राज्ञी! आई अँटोनिनस पायसची बायको, लेक मार्कस ऑरेलियसची.

वजन 11.4 ग्रॅम, व्यास 26 मिमी. चेहरा उजवीकडे, वेण्या वर नेऊन माथ्यावर अंबाडा. नाण्यावर कोरलेल्या अक्षरांतलं ‘दिवा फाउस्टिना’ वाचता येतं. मागे डोक्यावरून पदर घेतलेली उभी देवी, एका हातात लांब मशाल, दुसऱ्यात बहुधा कणसं, म्हणून मी तिला सेरेस (धान्याची रोमन देवी) धरलंय. दोन्ही अंगांना एस आणि सी (‘सेनेटच्या ठरावाने’ याची लॅटिन आद्याक्षरं) ही अक्षरं आहेत.

‘दिवा’ म्हणजे मरणोत्तर देवी ठरवलेली, पण तो मान दोघींनाही मिळाला. लेकीच्या अशा नाण्यांवर नावापुढे ‘पिया’ येतं, आणि माझ्या नाण्यावर नेमकी तीच जागा गुळगुळीत झालीय. मग नुसत्या अंबाड्यावरून ठरवावं का?

दुसरं, हे ‘दुपोंडियस’ की ‘अस’ (रोमन नाण्यांचे दोन प्रकार)? सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असला की दुपोंडियस, हे माहीत आहे. या बायकांच्या डोक्यावर तो नसतोच. दुपोंडियस पितळी आणि अस तांब्याचं, पण इथे जाड हिरव्या थराखाली धातूचा रंगच दिसत नाही. (घरच्यांचा सल्ला: चिंच लावून घास. नाही घासणार!)

शिवाय कडेला एका ठिकाणी फिकट हिरवी भुकटी सुटतेय. काळजीचं आहे का?

प्रतिसाद:
अंबाडा माथ्यावर म्हणजे थोरलीच. धाकटीचा मागे, मानेकडे असतो. थोरली इ.स. 140 च्या सुमारास वारली आणि नवऱ्याने तिच्या नावाने भरपूर नाणी पाडली, त्यांत सेरेस नेहमीची. रोमच्या फोरममध्ये (प्राचीन मुख्य चौकात) तिचं देऊळही अजून उभं आहे.

वजनावरून दुपोंडियस की अस ते ठरणार नाही, दोन्हींची वजनं एकमेकांत मिसळतात. थर खरवडू नका. क्ष-किरणांनी धातू तपासून मिळतो, पितळात जस्त असतं, ते भरपूर निघालं तर दुपोंडियस.

भुकटीचं मात्र आधी बघा. लाकडी काडीने हलकेच काढा, नाणं कोरड्या हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत ठेवा. पुन्हा आली तर तो कांस्यरोग, म्हणजे आतल्या, धातू खाणाऱ्या क्लोराइड क्षारांचं काम. तसं असेल तर बाकीच्या नाण्यांजवळ ठेवू नका आणि धातुसंवर्धन करणाऱ्याला दाखवा. मागच्या बाजूचा फोटो तिरक्या उजेडात काढून टाकाल का? कणसं की राजदंड, ते बघू.