जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष कसं काय?

प्रश्न: इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, स्वीडिशमध्ये विष आणि शिवाय ‘विवाहित’! शब्द एकच की वेगवेगळे?

उत्तर १: एकच. मूळ ‘देणं’: इंग्रजी गिव्ह, जर्मन गेबेन. वैद्यकातल्या ग्रीक ‘डोसिस’चाही अर्थ ‘देणं’च. त्या धर्तीवर गिफ्ट म्हणजे पाजलेली मात्रा, मग सरळ विष. जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’मध्ये (हुंडा) टिकलाय. लिंग सांभाळा: विष नपुंसकलिंगी, मिटगिफ्ट स्त्रीलिंगी.

उत्तर २: ‘विवाहित’ तर आपल्याला लगेच कळावं, आपणही मुलगी ‘देतो’च की. जुन्या इंग्रजीत ‘गिफ्ट’ हा शब्द वधूमूल्यासाठी होता, उच्चार ‘यिफ्ट’सारखा, आजचा ‘ग’ नॉर्स (जुनी स्कँडिनेव्हियन भाषा) प्रभावाचा.

उत्तर ३: डचांनी वाटणी केली: ‘गिफ’ विष, ‘गिफ्ट’ देणगी. ‘ग’चा उच्चार मात्र घशातून, ‘ख़’सारखा.