भुईमुगातलं अफ्लाटॉक्सिन: संशोधनाचा भर वाणावर की वाळवणीवर?

प्रश्न: शेंग वरून टपोरी, तरी दाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन (बुरशी तयार करते ते विष) थेट खाण्याच्या दाण्यांसाठीची युरोपची मर्यादा (एकूण ४ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो) ओलांडतं. बुरशी लागते कुठे?

उत्तर १: बरेचदा शेतातच. शेवटच्या ३-४ आठवड्यांत पाण्याचा ताण पडून जमीन तापली की ॲस्परजिलस फ्लेव्हस ही विष करणारी बुरशी शेंगेत शिरते. तेव्हा एक पाणी द्याच. उपटल्यावर वेल उलटे ठेवा, शेंगा वर. दाणे खुळखुळले, ओलावा ८ टक्क्यांखाली आला, मगच पोती भरा.

उत्तर २: पूर्ण प्रतिकारक वाण अजून हाती नाही. आफ्रिकेत अफ्लासेफ वापरतात: विष न करणारी बुरशी चढवलेली ज्वारी, हेक्टरी १० किलो. ही बुरशी शेतातल्या विषारी बुरशीची जागा घेते. आपल्या मातीतल्या अशा बुरशी शोधणं मला सगळ्यात निकडीचं वाटतं.

प्रश्नकर्ता: भाजून चालेल?

उत्तर १: नाही, विष पूर्ण जात नाही. सुरकुतलेले, काळपट, फुटके दाणे हातानं वेचून काढा. बहुतेक विष त्यांतच असतं.