दोष आईबापांचा की जीन्सचा?
वर एकाने लिहिलंय पर्सनॅलिटी डिसऑर्डर (विचार-भावना-वागण्याची घडणच त्रासदायक होते असा मानसिक आजार) म्हणजे सगळा आईबापांच्या वळणाचा दोष, आणि खाली लगेच दुसऱ्याचं की छे, सगळं जीन्समध्येच असतं. दोन्ही अर्धवट आहे राव. जुळ्यांवरच्या अभ्यासांत बॉर्डरलाइनमध्ये (त्यातलाच एक प्रकार, भावना आवरत नाहीत आणि नाती सतत डळमळतात) आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ५० टक्के निघतो, पण तो आकडा लोकालोकांतल्या फरकाबद्दल असतो, एका माणसाचा अर्धा आजार रक्तातून आला असा त्याचा अर्थ नाही (ही गल्लत फार होते).

बॉर्डरलाइन कसा घडतो याबद्दल मला पटते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची १९९३ ची मांडणी. मूल मुळातच हळवं, भावना पटकन भडकतात आणि ओसरायला वेळ लागतो, हा झाला जैविक भाग. आता असं मूल रडलं की घरचे "नाटकं बंद कर" म्हणतात, मग ते अजून जोरात रडतं तेव्हा कुठे लक्ष मिळतं, म्हणजे टोकाला गेल्याशिवाय कोणी ऐकत नाही हेच ते शिकतं आणि त्याने घरचे अजून वैतागतात. चक्रच ते. त्याच घरात शांत स्वभावाचं भावंड निभावून नेतं.

लहानपणी छळ, दुर्लक्ष झालं तर धोका वाढतो हे खरंच, पण प्रत्येक पेशंटचा छळ झालेला असतोच असं नाही, तेव्हा त्याच्या आईकडे संशयाने बघणं आधी थांबवा. आणि "हे लोक कधी सुधरत नाहीत" हे तर साफ चूक, बॉर्डरलाइनच्या बऱ्याच जणांची लक्षणं १० वर्षांत खूप कमी होतात, नोकरी-नाती रुळावर यायला मात्र जास्त वेळ लागतो.