हे जुनं शीतयुद्ध नव्हे

अमेरिका-चीन संघर्ष म्हणजे दुसरं शीतयुद्ध, असं म्हटलं जातं. मला हे अर्धवटच पटतं. सोव्हिएत संघ आणि अमेरिका एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसले होते, पण आपसांतला व्यापार किरकोळ. सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून केलेली १९७२ची गव्हाची मोठी खरेदी म्हणूनच लक्षात राहिली. इथे २०२२मध्ये अमेरिका-चीनचा मालव्यापार ६९० अब्ज डॉलरच्या घरात होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात पेंटागॉनने (अमेरिकेच्या संरक्षण खात्याने) नव्या एफ-३५ लढाऊ विमानांचा ताबा घेणं थांबवलं, कारण आतल्या एका चुंबकाचा मिश्रधातू चिनी निघाला. ज्याच्याशी लढायचं त्याच्याच घरचा माल पोटात! (महिनाभरात सूट देऊन विमानं घेतलीच म्हणा.)

एप्रिल २०२५मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावरचं आयातशुल्क १४५ टक्क्यांवर नेलं. चीननेही अमेरिकी मालावर १२५ टक्के लावलं, पण खरी नस दाबली ती समेरियम, डिस्प्रोसियम (दोन्ही ताकदवान चुंबकांत लागतात) अशा सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीला परवाना सक्तीचा करून. मे महिन्यात जिनिव्हात दोघंही बोलणीला बसले. आणि ही नस एकाच बाजूची नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं चीनला द्यायला अमेरिकेने आधीच आडकाठी केली होती.