कित्तूरच्या वाड्यातून ध्रुव खरंच दिसतो का?

नंदगडकर:
आमची आजी सांगायची, कित्तूरची चन्नम्मा राणी रोज रात्री भिंतीतल्या भोकातून ध्रुव बघितल्याशिवाय जेवायची नाही. परवा पोरीला घेऊन कित्तूरला गेलो. वाड्याला छप्पर राहिलेलं नाही, नुसत्या भिंती उभ्या. एखाद्या ठिकाणी जुना गिलावा अजून फरशीसारखा गुळगुळीत लागतो हाताला. ध्रुवाचं भोकही सापडलं. पोरगी टाचा उंचावून, एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत होती, पण भर दुपारची वेळ, पांढरं आभाळ तेवढं दिसलं. "पप्पा, तारा कुठाय?" रात्री तिथून कुणी बघितलंय का? आजी गेली, आता विचारायचं कुणाला.

मास्तर, खानापूर:
रात्री मीही गेलेलो नाही, पण मोजून बघता येईल. ध्रुव आपल्या अक्षांशाएवढाच वर दिसतो. कित्तूर साधारण १५.६ अंशांवर, म्हणजे हात लांब धरला तर क्षितिजापासून दीड मूठ वर. भोक उत्तरेकडं असेल आणि तेवढंच वर चढत असेल, तर आजीचं खरं. पोरीचा कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला खडा, एवढं पुरे. भोकाची रुंदीही बघा. वाडा सतराव्या शतकातला, आणि त्या वेळी हा तारा खऱ्या उत्तरेपासून दोन-अडीच अंश बाजूला होता, रात्रभरात जागा बदलायचा. आता एका अंशाच्याही आत आहे.

बैलहोंगलची सून:
जेवणाचं मी पहिल्यांदाच ऐकते, पण फार आवडलं. २३ ऑक्टोबर १८२४ ला इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे राणीशी लढताना कित्तूरला मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला आणि राणीला आमच्या बैलहोंगलच्या किल्ल्यात आणून ठेवलं. १८२९ मध्ये ती इथंच गेली, समाधी इथंच आहे. सासूबाई तिथून जाताना अजून चप्पल काढतात. तिथं तिला तारा दिसत होता का, असं आता मनात आलं. आणि दादा, तुमच्या नंदगडचं पण लिहा की. राणीच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये तिथंच फाशी दिलं. तिथल्या वडाला लेकरू व्हावं म्हणून लाकडी पाळणे बांधतात, माझ्या जावेनंही बांधलाय. आमच्याकडं रायण्णाच्या लावण्या कन्नडमध्ये गातात, मराठीतलं तुमच्या आजीसारख्यांच्या तोंडीच राहिलंय.

नंदगडकर:
ताई, आजी म्हणायची, पाळणा बांधला की मागं वळून बघायचं नाही. बाकी आठवेल तसं इथंच लिहितो. मास्तर, दोरा-खडा कंपासपेटीत गेलाय. सुट्टी पडली की परत कित्तूर.